आमच्या मृतांचे फोटो कुणाला विचारून?

सप्टेंबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांचा आवाज आणि चेहरा परवानगीशिवाय वापरायला मनाई केली. 2024 मध्ये अरिजित सिंग यांना असाच दिलासा मिळाला होता. चांगलंच झालं. पण ज्याच्या चेहऱ्याला बाजारात भाव आहे आणि ज्याला मोठा वकील परवडतो, त्यालाच हा हक्क का?

मी भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीतून लिहितोय. याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत, 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारलं. त्यांच्या विटंबित देहांचे फोटो इंटरनेटवर फिरले. आजही ती तारीख आली की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी तेच फोटो टाकतो आणि खाली ‘जय भीम’ लिहितो. टाकणारा मनुवादी नसतो मित्रांनो, आपलाच असतो.

कार्यकर्ते म्हणतील, फोटो बाहेर आले नसते तर प्रकरण दडपलं गेलं असतं. मान्य. मोठी वृत्तपत्रं तेव्हा कितीतरी दिवस गप्प होती. पण 2006 ची निकड वेगळी आणि आजची सवय वेगळी. 1955 मध्ये अमेरिकेत एमेट टिल या 14 वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला. त्याची शवपेटी उघडी ठेवायचं त्याच्या आईने ठरवलं. फोटो तितकेच भीषण होते, पण निर्णय आईचा होता. आपण कुणाला विचारतो?

कायद्यालाही विचारावंसं वाटत नाही. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं, हे हक्क माणसाबरोबरच संपतात. नटाची ही गत, तर आमच्या मेलेल्या माणसाचा चेहरा बेवारसच!

म्हणून आपल्या प्रतिमेवरचा हक्क कायद्यात लिहून हवा, सगळ्यांसाठी, आणि मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकांकडे. पण सावध राहा. उद्या ठाणेदार आणि गावगुंडही म्हणतील, ‘माझा व्हिडिओ काढलाच कसा?’ जुलै 2016 मध्ये उन्यात मारणाऱ्यांनी मिरवायला काढलेला व्हिडिओच त्यांच्यावर उलटला. अत्याचार करणाऱ्याला आणि वर्दीतल्या माणसाला या कायद्याआड लपता येऊ नये, हे त्यातच स्पष्ट हवं. मार खाणाऱ्याचा चेहरा झाका, मारणाऱ्याचा दाखवा.

कायदा होईल तेव्हा होईल. येत्या 29 सप्टेंबरला ग्रुपवर ते फोटो आले तर अ‍ॅडमिनने काढून टाकावेत. त्याजागी लिहा, सहा जणांची फाशी 2010 मध्ये 25 वर्षांच्या कैदेवर कशी आली आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदा का लागला नाही.