त्याने प्राण दिले नाहीत

९ सप्टेंबर जवळ आला की आमच्या नंदुरबारकडच्या शाळांमध्ये एक वाक्य घुमायला लागतं. 'बालहुतात्मा शिरीषकुमारने देशासाठी हसत हसत प्राण दिले.' मी साठी ओलांडली, म्हणजे हे वाक्य पन्नासेक वर्षं तरी ऐकतोय. आता ते ऐकवत नाही. एक तर हसत हसत कुणी मरत नाही. ज्याने गोठ्यात वासरू मरताना पाहिलंय त्याला हे सांगायला नको. दुसरं म्हणजे, त्या पोराने प्राण दिलेच नाहीत. ते त्याच्याकडून घेतले. इंग्रज सरकारच्या पोलिसांनी भर रस्त्यात गोळ्या घालून घेतले. देणं आणि घेणं यातला फरक शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. आमची जमीन कालव्यात जाते तेव्हाही भाषणात 'शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या' असंच म्हणतात.

आणि 'गोळी लागली' हे तर फारच सोयीचं. जसा काही पाऊस लागला, ऊन लागलं. अरे, गोळी झाडणारा कुणीतरी होता ना?

शिरीष मेहता २८ डिसेंबर १९२६ला नंदुरबारात जन्मला. घर गुजराती. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात, आमचा वेगळा जिल्हा व्हायला १९९८ उजाडलं. पेठेत गुजराती, शाळेत मराठी, बाजाराच्या दिवशी अहिराणी आणि भिली, असं हे गाव. सुरतेकडून येणारी रेल्वे गावाला लागून. मुंबईत ८ ऑगस्ट १९४२ला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींना आणि मोठमोठ्या पुढाऱ्यांना उचललं. बरोबर महिन्याने, ९ सप्टेंबरला, नंदुरबारच्या रस्त्यावर पोरांची मिरवणूक निघाली. पोळा तोंडावर आला होता. बैलांचा साज घ्यायला खेड्यापाड्यातली माणसंही पेठेत आलेली असणार. पोरांच्या हातात तिरंगा, तोंडात गुजराती घोषणा. पोलिसांनी अडवलं, पोरं हटली नाहीत, आणि बंदुका चालल्या. शिरीष पडला. धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा, लालदास शहा हेही गेले.

शिरीषचं वय पंधरा वर्षं आठ महिने. आमच्याकडे या वयाच्या पोराच्या हातात पहिल्यांदा पाभर देतात तेव्हा मागून एक मोठा माणूस चालतो, तास वाकडं जाऊ नये म्हणून.

पण भाषणं ऐका. त्यात पंधरा वर्षं एका वाक्यात उरकतात आणि मरणाचं वर्णन अर्धा तास चालतं. तो घरात कसा होता, कुणाशी भांडायचा, घोषणा द्यायला आधी लाजला असेल का, कुणाला काही पडलेली नाही. बाकीचे चौघे तर 'आणि त्यांचे सहकारी' या तीन शब्दांत गाडलेत. पोलिसांनी मिरवणुकीतल्या मुलींवर बंदूक रोखली तेव्हा शिरीष पुढे झाला, असं सांगतात. टाळ्या तिथेच पडतात. पण त्या मुलीही घरातून निघून बंदुकीसमोर आल्याच होत्या ना? पन्नास वर्षांत एकाही वक्त्याच्या तोंडून मी त्यांच्यातल्या एकीचं नाव ऐकलेलं नाही. त्यांचं काम फक्त मागे उभं राहायचं, एवढंच आपण ठरवून टाकलंय.

माझी माय निरक्षर. मी शाळेतून हा कार्यक्रम करून आलो की ती एकच विचारायची, "त्या पोऱ्यानी माय जेवनी व्हई का त्या दिन?" त्या पोराची आई त्या दिवशी जेवली असेल का? एवढा साधा प्रश्न अजून कुठल्या व्यासपीठावरून आला नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, पण इतिहास तिथून सुरू होतो हे मला मायकडून कळलं.

आता तुम्ही म्हणाल, आप्पा, शब्दांवर कशाला अडून बसता? पोरांना स्फूर्ती मिळते ना? हीच तर माझी तक्रार आहे. स्फूर्ती कशाची देताय? आमच्या भागातल्या एका शाळेत वर्षभर गणिताला मास्तर नव्हता. नववी-दहावीची पोरंपोरी दोन दिवस एका कचेरीच्या फाटकाबाहेर बसली. शांतपणे, दप्तरं मांडीवर घेऊन. ज्या पुढाऱ्याने त्याच महिन्यात हुतात्म्यांना हार घातला होता, तोच गाडीतून उतरून म्हणाला, "यांच्या कानाखाली दोन वाजवा, आपोआप अभ्यास सुचेल." पालकांनाही बोलावून दम दिला. दोघी बहिणींचं नाव घरच्यांनी शाळेतून काढलं आणि पुढच्या उन्हाळ्यात मोठीचं लग्न उरकलं. तिचंही पंधरावंच चालू होतं.

म्हणजे पंधरा वर्षांचं पोर सरकारपुढे उभं राहिलेलं आपल्याला आवडतं, पण सरकार इंग्रजांचं असेल तर, आणि पोर मेलेलं असेल तर. जिवंत पोर प्रश्न विचारतं. पुतळा हार घालून घेतो.

यंदा माझ्या नातवाला, आठवीत आहे, शाळेने भाषण लिहून दिलं. शेवटचं वाक्य असं, 'मीही शिरीषकुमारसारखा देशासाठी मरेन.' तेरा वर्षांच्या लेकराच्या तोंडी! मी ते खोडलं. त्याजागी आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा शिरीष वीस वर्षांचा असता. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा पंचविशीत, म्हणजे त्याने मत टाकलं असतं. पुढे दुकान चालवलं असतं की मास्तरकी केली असती, कोण जाणे. कदाचित म्हातारपणी शाळेत येऊन त्याने या भाषणबाज लोकांना खाली बसवलं असतं. नातवाला ते वाक्य फार आवडलं, म्हणून राहू दिलं.

शाळेतले गुरुजी कागद वाचून म्हणाले, "आप्पा, हे बरोबर आहे, पण यात जोश नाही. टाळ्या कुठे घ्यायच्या?"

मी म्हटलं, टाळ्या राहू द्या. पोराला पाचही नावं पाठ आहेत, तेवढी पूर्ण म्हणू द्या. आणि ती म्हणत असताना माईकवाल्याला गाणं लावू देऊ नका.