जॅकार्डचा नक्षा आणि गणिताचे कासव
(थ्रेड)

१/ २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर 'कोडिंग'ची शिफारस केली. तेव्हापासून जुळे सोलापूरसारख्या शिक्षणाकडे डोळे लावून बसलेल्या वसाहतीत एक प्रश्न साहजिकच उभा राहतो : गणित संगणकीय चित्रांतून शिकवायचे, तर साधन कोणते निवडावे? याचे उत्तर बहुधा नोकरीच्या बाजारात शोधले जाते. ते याच शहराच्या इतिहासात शोधणे अधिक फलदायी ठरेल.

२/ सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्डवर उमटते, ते तंत्र फ्रान्समधील ल्यों शहरात १८०४ च्या सुमारास सिद्ध झाले. पत्त्याला छिद्र असेल तर ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तर खाली राहतो. होय किंवा नाही, एवढीच ही भाषा. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी हेच छिद्रित पत्ते स्वीकारले.

३/ पत्त्यांच्या आधी येतो तो चौकटीच्या कागदावरचा नक्षा. प्रत्येक चौकट म्हणजे ताणा आणि बाणा यांची एक गाठभेट. संगणकाचा पडदाही अशाच बिंदूंच्या जाळीने बनतो. म्हणजे शहराच्या पूर्व भागातील नक्षाकार पडदा येण्याच्या कितीतरी आधीपासून निर्देशक भूमितीच वापरत होता.

४/ १९६७ मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयर्झाइग व सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा घडवली. पुढे तिच्यात 'कासव' आले. पुढे जा, वळ, पुन्हा कर : या आज्ञांतून आकृती उमटते. कोन इथे मोजण्याची वस्तू राहत नाही, वळण्याची क्रिया होतो.

५/ भारतात १९८४ मध्ये 'क्लास' प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. त्यांत बेसिक भाषा यंत्रातच कोरलेली होती. यंत्र ठरले की भाषाही ठरली. शिक्षकापुढे निवड फारशी उरलीच नाही. आज ती आहे, म्हणूनच जबाबदारीही आहे.

६/ पर्याय प्रामुख्याने तीन. 'स्क्रॅच'मध्ये ठोकळे जोडायचे असतात, त्यामुळे टंकलेखनाच्या चुका टळतात. 'जिओजेब्रा'त बिंदू ओढला की आकृती बदलते. प्रमेय पडताळण्यासाठी ते उत्तम. तिसरा पर्याय पायथॉनमधील 'टर्टल', म्हणजे लोगोच्या कासवाचाच वंशज.

७/ सातवी-आठवीसाठी कौल पायथॉनच्या कासवालाच द्यायला हवा. ते मोफत आहे, साध्या संगणकावर चालते आणि एकदा बसवले की इंटरनेट लागत नाही. शिवाय मुलाला कृती स्वतः शब्दांत मांडावी लागते. पाच वेळा ७२ अंश वळले तर पंचकोन, १४४ अंश वळले तर चांदणी. पहिल्यात एकूण ३६०, दुसऱ्यात ७२० अंश. दोन्ही आकृत्या बंद का होतात, हे विचारणे म्हणजेच बाह्यकोनांचे प्रमेय शिकणे.

८/ आक्षेप रास्त आहे : पायथॉनचे मूळ शब्द इंग्रजी आणि चुकीचे संदेशही इंग्रजी. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या शहरात ही अडचण खरीच. पण पायथॉन ३ मध्ये कृतींना देवनागरी नावे देता येतात. 'चौकट', 'फूल', 'काठ' अशा कृती मुलांनीच रचाव्यात. काठ पुन्हा पुन्हा चालवून आणि उलटवून चादर पूर्ण करावी. सममिती आणि स्थानांतरण हे धडे तिथेच होतात.

९/ साधनाची किंमत त्याच्या नवेपणावर ठरू नये. मुलाने नियम स्वतः शोधला का, यावर ठरावी. घरातल्या चादरीकडे पाहून 'ही कोणत्या आज्ञांनी विणली असेल?' असे जुळे सोलापुरातील एखाद्या मुलीने विचारले, तर निवड योग्य झाली असे समजावे.