गढीवर गेलेले गाव

‘मोला दी मॉन्ते जेलातो.’ हे नाव वाचून तुम्हांला आइस्क्रीमचे दुकान आठवले, तर दोष तुमचा नाही! इटालियन भाषेत त्याचा शब्दशः अर्थ ‘गोठलेल्या डोंगराची गिरणी’ असा होतो. शब्द दिसला की त्याच्या मागे लागायचे, ही आम्हां भाषेच्या मास्तरांची जुनी खोड. तसा मी या नावामागे गेलो, आणि एका गावाची अकराशे वर्षांची कुंडलीच हाती आली.

रोमच्या उत्तरेला, त्रेया नदीच्या धबधब्यापाशी हे स्थळ आहे. १९८६ ते १९९० या काळात टिम पॉटर यांनी तिथे उत्खनन केले. ऑगस्टस बादशहाच्या काळात इथे एक ऐसपैस वाडा उठला होता. परिसरातल्या एका थडग्याच्या दगडावर चक्क एका गुरांच्या व्यापाऱ्याचे नाव निघाले. तिसऱ्या शतकात वाडा ओस पडला, चौथ्यात पुन्हा चूल पेटली, इ. स. ४००च्या सुमारास छोटे चर्च उभे राहिले. सहाव्या शतकात पुन्हा सामसूम. आणि इ. स. ८००च्या सुमारास त्याच जागी नवे चर्च, बाप्तिस्म्याचे दालन आणि मडकी भाजायची भट्टी!

हे कोणी केले? पोप पहिला हेड्रियन (७७२–७९५) याने या भागात ‘कॅप्राकोरुम’ नावाची मोठी जहागीर वसवली होती. तिथले धान्य, दारू, भाजीपाला आणि वर्षाला शंभर डुकरे रोमला जात, आणि त्यांतून रोज शंभर गरिबांना जेवण मिळे. आपले हे गाव याच जहागिरीतले असावे, असा उत्खनकांचा तर्क आहे.

८४६ साली अरबांनी सेंट पीटरचे चर्च लुटले. मग चौथ्या लिओ पोपने त्याभोवती तट बांधला (८४८–८५२). तटाचा काही भाग ‘कॅप्राकोरुमच्या दला’ने बांधला, असा शिलालेख आहे. म्हणजे रोमचे पोट भरणाऱ्या कुळांनीच रोमचा तटही उचलला!

आणि त्यांच्या स्वतःच्या गावाला तट? ११००च्या सुमारास खालची वस्ती संपली आणि माणसे जवळच्या टेकडीवरच्या गढीत गेली. तिचे आजचे नाव ‘कास्तेल्लाच्चो’. ‘आच्चो’ हा इटालियनमधला तुच्छतादर्शक प्रत्यय. आपण ‘पडकी गढी’ म्हणू.

नदी, शेत, चर्च सोडून माणसे अवघड टेकडीवर का गेली? पिएर तुबेर या फ्रेंच इतिहासकाराने १९७३ साली सांगितले, की दहाव्या शतकात जमीनदारांनीच विखुरलेली कुळे ठरवून गढ्यांत गोळा केली. त्याचा आधार जुनी कागदपत्रे. पण टस्कनीतल्या मोन्तारेन्तीच्या टेकडीवर उत्खननात सातव्या-आठव्या शतकांतल्या लाकडी झोपड्या सापडल्या. तिथे माणसे मालकाच्या आधीच वर गेली होती, मालकाचा दगडी तट मागून आला! आणि आपले गाव तर अकराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत खालीच राहिले. मला वाटते, एकच सूत्र साऱ्या टेकड्यांना लावू नये. भीतीने वर गेलेल्या माणसाला तट हा आसरा, हुकमाने गेलेल्याला तोच कोंडवाडा. आणि पुढच्या पिढीला दोन्ही एकदम.

कागद जमीनदारांनी लिहवून घेतले. कुळांनी मागे ठेवली फक्त खापरे. दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रांतात ट्रॅक्टर आले आणि खोल नांगरटीने ही खापरे वर येऊन चुरडू लागली. तेव्हा रोममधल्या ब्रिटिश स्कूलचे संचालक जॉन वॉर्ड-पर्किन्स सहकाऱ्यांना घेऊन शेतोशेती पायी फिरले, खापरे वेचली, नकाशे केले. नांगर पुढे आणि विद्वान मागे, अशी ती शर्यत कित्येक वर्षे चालली. त्या वेचणीतूनच या गावांचा पत्ता लागला. ज्या शेतांत त्यांच्या आधी नांगर फिरला, तिथल्या कुळांची साक्ष मात्र कायमची मातीत मिळाली.