जरा शेजारी विचारून बघ ना!

समजा, सोसायटीत नवीन राहायला आलायत. पंखा बसवायचाय आणि शिडी नाहीये. काय कराल? एक मार्ग म्हणजे खाली जाऊन वॉचमन काकांना विचारायचं. त्यांच्या वहीत कुणाकडे काय आहे ते सगळं लिहिलेलं. 'बी विंग, ३०२.' विषय संपला. दुसरा मार्ग जरा गडबडीचा. शेजारच्या चार दारांच्या बेल वाजवायच्या. त्यांच्याकडे नसेल तर ते त्यांच्या ओळखीच्या दारांवर विचारतील, ती दारं आणखी पुढे...

पीअर-टू-पीअर, म्हणजे आपलं लाडकं पी-टू-पी, त्यातल्या सर्चची गोष्ट बरीचशी एवढीच आहे. १९९९ मध्ये आलेलं नॅपस्टर हे वॉचमन काका. गाणी लोकांच्या कम्प्युटरवर, पण वही मात्र कंपनीच्या सर्व्हरवर. म्हणूनच जुलै २००१ मध्ये कोर्टकचेरीत ती वही मिटली आणि खेळ खल्लास! मार्च २००० मध्ये नलसॉफ्टच्या जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर यांनी आणलेल्या ग्नुटेलात वहीच नव्हती. मालक कंपनी एओएलनं ते लगेच काढून टाकायला लावलं, पण तोवर ते लोकांच्या हाती लागलं होतं.

ग्नुटेलात प्रत्येक प्रश्नावर एक आकडा चिकटवलेला असायचा, साधारण ७. प्रत्येक दाराशी तो एकानं कमी. शून्य झाला की प्रश्न मेला. प्रत्येकाचे चार शेजारी धरा आणि करा हिशोब. ४, १२, ३६... सातव्या उडीपर्यंत ४,३७२ दारं वाजलेली! एका शिडीसाठी. शिवाय इतरांच्या शिड्यांचे प्रश्न तुमच्याही दारावर येऊन धडकणार, ते वेगळंच.

आता हेच कम्प्युटरऐवजी मोबाइलवर करायचं म्हटलं तर?

माझ्या मावसभावानं, म्हणजे दादानं, २००६ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला नेमका हाच प्रोजेक्ट घेतला होता. मी तेव्हा प्रायमरीत. मला फक्त त्याचा ढब्बू नोकिया ६६०० आणि त्यावरचा साप एवढ्यातच इंटरेस्ट. परवा त्याच्या लॅपटॉपवर तो जुना फोल्डर दिसला आणि मी दोन तास त्याचं डोकं खाल्लं.

'अगं, फोन म्हणजे कसला शेजारी माहितीये?' दादा म्हणाला. 'सारखा झोपणारा. आणि त्याच्या दाराला बाहेरून बेलच नाही!'

खरंच नव्हती. मोबाइलच्या जावाचं पहिलं रूप, एमआयडीपी १.०, फक्त एचटीटीपीची खात्री द्यायचं. म्हणजे फोननं बाहेर जाऊन विचारायचं आणि उत्तर घेऊन यायचं. कुणी आपणहून त्याच्याकडे यायची सोय नाही. नंतर सॉकेट आले, तरी बहुतेक फोन ऑपरेटरच्या नेटवर्कच्या आडोशाला, बाहेरच्याला त्यांचा पत्ताच लागायचा नाही. मेमरी? ज्या फोनसाठी हा जावा बेतला होता, त्यात त्याच्या वाट्याला १६० ते ५१२ केबी! नोकियाच्या सुरुवातीच्या सीरिज ४० फोनवर अख्खं अॅप्लिकेशन ६४ केबीत बसवावं लागायचं. आज आपण पाठवतो तो गुड मॉर्निंगचा फोटोही त्यात मावणार नाही.

असा शेजारी ४,३७२ दारांच्या साखळीत उभा केला तर बॅटरी दुपारीच माना टाकेल. वर जीपीआरएसचं बिल घरी कोण भरणार, हाही एक टेक्निकल प्रश्नच होता म्हणे.

यावर सन मायक्रोसिस्टिम्सचं उत्तर होतं जेएक्सटीए, 'जक्स्टा'. २००१ चं. त्यात प्रत्येक वस्तूची एक चिठ्ठी असते, अॅडव्हर्टाइजमेंट. माझ्याकडे हे आहे, असं सांगणारी एक्सएमएल चिठ्ठी. तिला एक्स्पायरीसुद्धा! मुदत संपली की चिठ्ठी बाद, म्हणजे सोडून गेलेल्यांची नावं वर्षानुवर्षं फिरत बसत नाहीत. शोधायचं म्हणजे वस्तू नाही, चिठ्ठी शोधायची. मला ही कल्पना फारच आवडली.

फोनसाठी याची धाकटी आवृत्ती निघाली, जेएक्सएमई. यात फोन स्वतः दारोदार हिंडतच नाही. रिले नावाचा एक तगडा कम्प्युटर असतो, त्याला फोन फक्त सांगतो, 'हे शोध.' रिले हिंडतो, चिठ्ठ्या जमवतो, त्यातला एक्सएमएलचा फापटपसारा काढून छोटा बायनरी निरोप करून ठेवतो. फोन मधूनमधून येऊन विचारतो, 'काही आलं का?' त्या कमांडचं नावच पोल. थोडक्यात, तळमजल्यावरच्या काकू. आपण ऑफिसला, कुरिअर त्यांच्याकडे.

पण काकूंना आपली सगळी कुरिअरं माहीत असतात, नाही का?

माझ्या मते इथे गंमत संपते. वॉचमन काकांची वही नको म्हणून एवढा खटाटोप, आणि फोनच्या बाबतीत सगळे प्रश्न पुन्हा एकाच खिडकीतून. दादाच्या व्हायव्हाला एक्स्टर्नलनं एकच प्रश्न विचारला होता, 'रिले बंद पडला तर?' दादा म्हणाला, 'दुसरा शोधायचा, सर. तोपर्यंत फोन मुका.' सरांनी मान डोलावली. दादा अजून म्हणतो की तेच त्याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर होतं.

रिले न वापरणारेही होते हं. बुडापेस्टच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या मंडळींनी सिम्बियन फोनवर ग्नुटेलाचं सिमेला आणि बिटटोरंटचं सिमटोरंट चालवून दाखवलं, पुढे जावा फोनसाठी मॉबटोरंटही. आणि जावात ब्लूटूथची सोय (जेएसआर-८२) होतीच. तिथे ना टॉवर, ना रिले, ना बिल. फक्त दहाएक मीटरची मर्यादा. कॉलेज कट्ट्यावर रिंगटोन अशाच फिरायच्या, त्याला पी-टू-पी म्हणतात हे कुणाच्या गावीही नव्हतं.

सन २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली आणि जक्स्टा हळूहळू विझलं. जावात लिहिलेलं लाइमवायरही त्याच वर्षी कोर्टानं बंद पाडलं. मग आपण सगळे निमूटपणे वॉचमन काकांकडे परतलो. आता तर शेजारच्या डेस्कवरच्या कलीगला पीपीटी द्यायची असली तरी ती आधी कुठल्यातरी सर्व्हरवर जाऊन मगच परत येते. मध्येच सर्व्हर डाउन झाला की अख्खा फ्लोअर चहाला! आणि काय शोधलं, कधी शोधलं, किती वेळा शोधलं, हे सगळं त्या वहीत. आपली वही आपल्याला बघायला मिळाली तर घाम फुटेल, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

२०१४ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात नेटवर्क जाईल या भीतीनं मुलांनी फायरचॅट धडाधड डाउनलोड केलं, ते फोनवरून फोनवर निरोप नेणारं. २०२५ मध्ये ट्विटरवाल्या जॅक डॉर्सीनं बिटचॅट आणलं. इंटरनेट नाही, सर्व्हर नाही. ब्लूटूथवरून एका फोनचा निरोप शेजारच्या फोनवर, तिथून पुढच्यावर. किती उड्या? जास्तीत जास्त ७!

दादाला हे सांगितलं तेव्हा तो दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, 'डाउनलोड कर. मी बेडरूममध्ये जातो, तू गॅलरीत थांब.'