नौकेचा विमा

आमचा गोंदिया जिल्हा तलावांचा; हिवाळ्यात फुलचूरची मंडळीही सहकुटुंब नौकाविहारास निघतात. नावेच्या विम्याची चौकशी मात्र विरळाच कोणी करतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, नावाड्यांच्या दोषाने झालेले नुकसान त्यांनीच मिळून भरावे, असे सांगितले आहे. दैवी आपत्तीबद्दल मात्र त्यांस दंड नाही. परंतु आपत्ती दैवी असली तरी घर उघडे पडावयाचे ते पडतेच! 2021 च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमाने यंत्रचलित नौकेस विमा आवश्यक ठरविला आहे. यास्तव भाडे ठरविण्यापूर्वी विम्याचा कागद व त्याची मुदत पाहावी. तथापि विमा बुडत्यास वर काढीत नाही, आणि पौषातील गार पाण्यात पोहणाऱ्याचेही हातपाय आखडतात. म्हणून लाइफ जॅकेट घातल्यावाचून मुलाबाळांस नावेत बसू देऊ नये.