चार गोळ्या, कापून

केमिस्ट कात्री घेतो, दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या कापतो, काउंटरवर सरकवतो. पैसे, सुट्टे, पुढचं गिऱ्हाईक. सिगारेट सोडायची म्हणून निकोटिनचा गम घ्यायला आलेल्या माणसाच्या वाट्याला येणारं वैद्यकीय मार्गदर्शन एवढंच. गम कसा वापरायचा हे ज्या बॉक्सवर छापलेलं असतं, तो उरलेल्या सहा गोळ्यांसकट परत फळीवर जातो.

माणूस बाहेर येतो, गोळी तोंडात टाकतो आणि चघळू लागतो. गम म्हटल्यावर दुसरं काय करणार? थोड्या वेळात घशाशी जळजळ, मग उचकी, मग मळमळ. चौथ्या गोळीपर्यंत निकाल लागलेला असतो : ‘आपल्याला नाही सूट झालं.’ घरचे म्हणतात, मनाचा निश्चय पाहिजे.

निश्चयाला उगाच मध्ये ओढायचं कारण नाही. हा गम चघळायचा नसतोच. सावकाश चावायचा, तोंडात मिरमिर जाणवली की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्या मधे दाबून ठेवायचा. मिरमिर ओसरली की पुन्हा दोन-चारदा चावायचा, जागा बदलून पुन्हा ठेवायचा. असा साधारण अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. भराभर चघळून लाळेबरोबर गिळलं, तर ते पोटात जातं, बरंचसं यकृतातच निकामी होतं आणि माणसाच्या हाती उचकी तेवढी लागते. तंबाखूचा बार भरून अर्धा दिवस काढणारी माणसं ज्या राज्यात गावोगाव आहेत, तिथे ही रीत शिकवायला शिबिर भरवावं लागणार नाही. ‘तंबाखूसारखा धरा, चिंगमसारखा चघळू नका.’ एक वाक्य. ते कुणी बोलत नाही.

दुसरं वाक्यही तेवढंच छोटं आहे. गम तोंडात असताना, आणि त्याआधीची पंधरा मिनिटं, काही खायचं-प्यायचं नाही. तोंडात आम्लता वाढली की निकोटिन आत शिरत नाही. कॉफी आणि कोलामुळे गममधलं निकोटिन शोषलं जात नाही, हे १९९० सालीच प्रयोगातून दिसलं होतं. आपल्याकडे सिगारेटची तलफ येते ती नेमकी कटिंगबरोबर. हातात ग्लास, तोंडात गम. दिवसातली सर्वांत अवघड दहा मिनिटं, आणि औषध नेमकं तिथेच वाया.

दोन मिलिग्रॅमचा गम आपल्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतो, चार मिलिग्रॅमच्या गमला चिठ्ठी लागते. सवलत योग्यच आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर सिगारेट मिळत असताना ती सोडवणाऱ्या औषधासाठी माणसाला आधी दवाखान्याच्या रांगेत उभं करणं हा उफराटा न्याय झाला असता. पण २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी औषध समजावून सांगण्याचं काम फार्मासिस्टवर टाकलं, ते चिठ्ठी हाती आल्यावर. इथे चिठ्ठीच नाही. तिच्याबरोबर बोलणंही गेलं. पुढे २०२२मध्ये निकोटिनचं हेच औषध राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आलं. औषध आवश्यक ठरलं. ते कसं घ्यायचं हे सांगणं कुणाचं काम, हे ठरायचं राहिलं.

या न बोलण्याची किंमत मोजली गेली आहे. नियंत्रित चाचण्यांमध्ये निकोटिनच्या औषधांनी सिगारेट सुटण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. इंग्लंडमध्ये मात्र प्रत्यक्ष सिगारेट सोडू पाहणाऱ्या लोकांची पाहणी झाली, २०१४ साली ती प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात वेगळंच दिसलं. दुकानातून आपलं आपण औषध घेणाऱ्यांना, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त यश आलेलं नव्हतं. डॉक्टरने दिलेलं औषध आणि जोडीला प्रशिक्षित माणसाचा आधार मिळालेल्यांची शक्यता अडीच पटीच्या वर गेली होती. तिथल्या दुकानातून घेणाऱ्यांच्या हाती निदान पूर्ण बॉक्स पडत असावा.

आपल्याकडे पट्टी कापून देण्यात कुणाला वावगं वाटत नाही. घेणाऱ्यालाही नाही, आधी चार घेऊन बघू, जमलं तर पुढचं, हा हिशेब रास्तच आहे. पण हा गम डोकेदुखीच्या गोळीसारखा लागेल तेव्हा घ्यायचा नसतो. पहिले सहा आठवडे दर तास-दोन तासांनी एक, मग हळूहळू अंतर वाढवत बारा आठवडे, अशी त्याची रीत आहे. चार गोळ्या पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंतही पुरत नाहीत. हेही बॉक्सवरच असतं.

पाचव्या दिवशी माणूस टपरीवर उभा असतो. एक सुटी मागतो. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२०पासून बंदी आहे. टपरीवाला पाकिटातून एक काढून देतो, टांगलेला लायटर पुढे करतो. पाकिटावर, त्या भीषण चित्राजवळ, तंबाखू सोडायला मदत करणारा फोन नंबर छापलेला आहे : १८००-११-२३५६. पाकीट परत फळीवर जातं.