पोरीनं पळायला भरतीच लागते का?

अविनाश साबळेचं नाव निघालं की आपली छाती फुगते. फुगायलाच पाहिजे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा, आईबाप वीटभट्टीवर, बारावीनंतर फौजेत, आणि २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य. त्याआधी २०१८ ला पाटोद्याच्या राहुल आवारेनं त्याच स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणलं.

आता तिसरं नाव घ्या. प्रियंका इंगळे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी फायनलला नेपाळला ७८-४० हरवलं, कर्णधार ही. मूळ केज तालुक्यातली. आपण लगेच 'बीडची लेक' म्हणून स्टेटस ठेवले. पण मंडळी, ही लेक घडली पुण्यात. गावातच राहिली असती तर सातवी-आठवीनंतर तिला मैदानावर कुणी जाऊ दिलं असतं? खरं सांगा.

आपल्याकडं पोरगी 'मोठी झाली' की पहिलं काय बंद होतं? शाळा नाही, खेळ. उन्हात जाऊ नको, काळी पडशील. उड्या मारू नको, लोक बघतेत. हात-पाय पोरावानी होतील, मग स्थळ कसं यायचं? तेरा वर्षांची पोर आरशात स्वतःला बघत नाही, बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या नजरेनं बघते.

कुणी म्हणेल, पोरी घरात राबतात की, वेगळा व्यायाम कशाला? हंडे वाहणं, भाकरी थापणं, धाकट्याला कडेवर घेऊन फिरणं ही मेहनत आहे, खेळ नाही. खेळात दम आपला असतो आणि कधी थांबायचं तेही आपण ठरवतो. जागतिक आरोग्य संघटना १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना रोज तासभर दम लागेल अशी हालचाल करा म्हणते. जगातली पाचातली चार पोरं तेवढी करत नाहीत, म्हणजे फक्त आपलंच रडगाणं नाही. पण तिकडं मोबाईलनं बसवलं असेल, आपल्या पोरींना आपण बसवलंय.

का बसवलं, त्याचं उत्तर आकड्यात आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. ऊसतोडीत उचल मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोरीच्या अंगातल्या ताकदीचा हिशेब मुकादमाला कळतो, तिला स्वतःला मात्र कळू द्यायचा नसतो.

मग पोरी पळतात कधी? पोलीस भरतीला! पहाटे रस्त्यावर बघा, ८०० मीटरची तयारी चाललेली असते, मागं गाडीवर भाऊ. त्या पोरींना माझा सलाम. पण यातला सौदा बघा: पगार दिसला की लाज कुठं जाते? आणि यादीत नाव नाही लागलं की दुसऱ्या दिवशी बूट माळ्यावर.

पोरांचंही फार बरं चाललंय असं नाही. जिममध्ये दंड काढायचे ते वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी, पावडरचा डबा कुठून आला ते विचारायचं नाही. चार किलोमीटर पळ म्हटलं की भाऊ गाडीला किक मारतात.

शाळांनी तर कमालच केलीय. पीटीचा तास दहावीला गणिताला जातो, मैदान लग्नाच्या मांडवाला. संस्थाचालक साहेब, आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळचा एक तास मैदान फक्त मुलींना द्या. सोबत एक बाई शिक्षिका, आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह. एवढ्याला निधी लागत नाही, मन लागतं असं मी म्हणणार नाही; निधीही लागतो. मग तो मागा, कमानीला मागता तसा.

या पोस्टखाली तुमच्या गावच्या शाळेचं नाव लिहा आणि पुढं एकच आकडा: संध्याकाळी पाच वाजता तिथल्या मैदानावर किती पोरी असतात?